बार्शी लाइट टेबलावर: नऊ मिलिमीटरचं गणित

मॉडेल रेल्वेवरच्या आपल्या गप्पांत आज थोडं गणित आहे. घाबरू नका, शाळेतल्या भागाकाराच्या पुढे जाणार नाही.

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. ते बघून आलेला माणूस हमखास विचारतो, "आपली भारतीय गाडी घरी करता येईल का हो?" येईल ना. फक्त एक मेख आहे. सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ, १:८७. त्याच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. आता याला ८७ ने गुणा. १४३५ येतात. हे झालं युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. आपलं ब्रॉडगेज आहे १६७६ मिलिमीटर. म्हणजे मॉडेलमध्ये रूळ १९ मिलिमीटरच्या किंचित वर हवेत, आणि मिळतात साडेसोळाचे. पावणेतीन मिलिमीटर म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण फलाटाच्या टोकाला डोळा लावून समोरून बघा. रुंद डबा अरुंद रुळांवर कसाबसा तोल सांभाळत उभा आहे असं दिसतं. बहुतेक जण गाडी बाजूनेच बघतात आणि मजेत राहतात. त्यात वाईट काहीच नाही. पण ज्याला एकदा ते दिसलं, त्याला मग तेच दिसत राहतं!

अशा माणसाला माझं सांगणं एकच. मोठ्या लाइनचा नाद सोडा आणि बार्शी लाइट करा.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या कल्पनेतून. आधी बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी ते बार्शी, पुढे पंढरपूर, लातूर, मिरज. गेज अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ करा. ८.७६ येतात. आणि बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो! पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. हा रूळ मिळतो कारण ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या छोट्या लाइनी भरपूर, आणि तिकडच्या लोकांना त्या टेबलावर हव्या असतात. त्याला एचओई म्हणतात. एन गेजचा रूळही ९ मिलिमीटरचाच, पण त्याचे स्लीपर फार जवळजवळ असतात, छोट्या लाइनचे वाटत नाहीत. तोच घ्यावा लागला तर स्लीपर मातीत अर्धे बुजवा. इंजिनासाठी मात्र एन गेजची चालती चेसिस चांगली. वरचा सांगाडा प्लास्टिकच्या शीटमधून स्वतः कापायचा.

आता जागा. एक किलोमीटर म्हणजे मॉडेलमध्ये साडेअकरा मीटर, त्यामुळे अख्खं कुर्डुवाडी यार्ड विसरा. चार फूट बाय दीड फूट प्लायवर एकच कोपरा घ्यायचा: माल उतरवायचा फलाट. एका बाजूला छोटी लाइन, दुसऱ्या बाजूला मोठी, आणि गेज बदलतं म्हणून एका वाघिणीतला माल दुसऱ्या वाघिणीत हातानं चढवायचा. त्या काळातल्या हमालांचं सगळं आयुष्य या दहा पावलांत गेलं असणार.

आणि इथे मला आवडणारी गंमत आहे. मोठ्या लाइनच्या या साइडिंगवर काही चालवायचंच नाही. वाघिणी नुसत्या उभ्या. म्हणजे वीज नको, सांधे नकोत. मग हे दोन रूळ स्वतः हातानं १९.३ मिलिमीटरवर चिकटवा, वाघिणीची चाकं आसावर तेवढी बाहेर सरकवा, झालं. दोन्ही गेज बरोबर, शेजारी शेजारी. ब्रॉडगेज छोट्या लाइनच्या दुपटीहून रुंद आहे हे वाचून कळत नाही, इथे एका नजरेत कळतं.

सजावटीचं बघू. तयार मिळणारी झाडं पुष्कळदा सूचिपर्णी असतात. ती सोलापूर जिल्ह्यात लावू नका, प्लीज. तांब्याची बारीक तार पिळून बाभूळ छान होते. काळ्या मातीला वापरलेली चहापावडर, पण धुऊन कडकडीत वाळवलेली, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. खडी चहाच्या गाळणीतून गाळा. मोठ्या लाइनचा पाच-सहा सेंटिमीटरचा दगड इथे एका मिलिमीटरपेक्षाही लहान होतो, त्यामुळे बारीक वाळूच हवी. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडा. रुळाचा माथा लगेच पुसा. कापसाचे गठ्ठे पांढऱ्या खोडरबरातून कापा. सव्वा मीटरचा गठ्ठा १४ मिलिमीटरचा होतो.

वेगाचं भान ठेवा. ताशी २५ किलोमीटर म्हणजे मॉडेलवर सेकंदाला आठ सेंटिमीटर. तुमचं चार फुटी टेबल ओलांडायला गाडीला पंधरा सेकंद लागले पाहिजेत. लहान मुलं कंटाळतील, कंटाळू देत.

आता सगळ्यात अवघड काम, आणि ते टेबलावर होत नाही. ही लाइन आता मोठी झाली, छोटे रूळ उखडले गेले. तुम्ही वर्ष ठरवल्याशिवाय स्टेशनची पाटीसुद्धा रंगवता येत नाही. बार्शी रोड लिहायचं की कुर्डुवाडी? डब्याचा रंग कुठला? पाण्याचा नळ फलाटाच्या कुठल्या टोकाला होता? फोटोंत यातलं थोडंच सापडतं, आणि जुने फोटो काळेपांढरे. बाकीचं बार्शी, पांगरी, मोडनिंब, पंढरपूरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. त्या गाडीनं आषाढीला गेलेल्या आजी, वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका. त्यांच्याकडे जाताना प्लायवर आखलेला नकाशा घेऊन जा. नुसतं "आठवणी सांगा" म्हटलं की माणूस गडबडतो. नकाशावर बोट ठेवून "इथे झाड होतं का?" विचारलं की लगेच म्हणतो, "छे, झाड पलीकडे, इथे तर चहावाला बसायचा." ते रेकॉर्ड करा, तारीख घाला. फेव्हिकॉल पुढच्या वर्षीही मिळेल.

पुढच्या भागात सांध्यांची वायरिंग. तोवर कुणाच्या घरी बार्शी लाइटचं जुनं तिकीट असेल, तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. मागची बाजू पण, हं.