शिबिराचा हेतू आणि कामाची वाटणी



१९०१ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन कलकत्त्यास भरले. दक्षिण आफ्रिकेतून आलेले गांधी रिपन कॉलेजात उतरले होते. लोकमान्य टिळकांची व्यवस्थाही तेथेच होती. तेथे जे दिसले ते गांधींनी पुढे आत्मकथेत नोंदविले. स्वयंसेवकाला काम सांगावे तर तो दुसऱ्यावर ढकली, दुसरा तिसऱ्यावर. संडासांची अवस्था भयंकर होती. त्याकडे लक्ष वेधले तेव्हा उत्तर मिळाले, हे आमचे काम नव्हे, सफाई करणाऱ्यांचे. गांधींनी खराटा मागितला आणि संडास साफ केला.

ही हकीकत येथेच संपविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. गांधींनी मात्र पुढचेही लिहून ठेवले आहे. गर्दी इतकी होती की सफाई वारंवार होणे जरूर होते आणि ते एकट्याच्या आवाक्याबाहेरचे होते. स्वतःपुरती सोय करण्यावरच त्यांना थांबावे लागले. नेत्याचे उदाहरण आवश्यक असते, पण पुरेसे नसते, हा यातला खरा धडा आहे. दोष त्या मुलांच्या वृत्तीपेक्षा व्यवस्थेचा अधिक होता. वर्षातून तीन दिवसांसाठी गोळा केलेल्या, कसलेही शिक्षण न दिलेल्या स्वयंसेवकांकडून दुसरे काय निपजणार?

शिबिरे महाराष्ट्राला नवी नाहीत. राष्ट्र सेवा दल १९४१ पासून शिबिरांतून कार्यकर्ते घडवीत आले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली आणि तिचे सात दिवसांचे विशेष शिबिर हजारो विद्यार्थ्यांच्या परिचयाचे झाले. प्रत्येक शिबिराच्या उद्‌घाटनाला समतेवर भाषण होते. परंतु शिबिराचा हेतू भाषणावरून ओळखू नये. तो कामाच्या वाटणीवरून ओळखावा. पहाटे पाणी कोण भरतो? चुलीपाशी कोण बसते? चर्चासत्र चालू असताना भांडी कोणाच्या वाट्याला येतात? मुली स्वयंपाकघरात आणि मुलगे व्यासपीठावर, अशी वाटणी असेल तर शिबिरार्थी भाषण विसरतील आणि वाटणीच शिकून घरी जातील.

जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. श्रमाची विभागणी शिबिरालाही लागते. ती श्रमिकांच्या विभागणीत केव्हा बदलते, यावर पहारा ठेवणे हे शिबिरप्रमुखाचे पहिले काम होय. अप्पासाहेब पटवर्धनांनी हे ओळखले होते. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचे काम मागितले. ते सवर्ण म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि येरवड्यात गांधींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण केले. परंतु अप्पा एवढ्यावर थांबले नाहीत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत होईल अशा सोप्या संडासांसाठी खटपट केली. खराटा हाती घेणे हा त्याग झाला. त्या कामातली विटंबनाच नाहीशी करणे ही सुधारणा झाली.

त्यागाच्या नावाखाली आणखी एक अन्याय शिबिरांत शिरतो. जो कार्यकर्ता रात्री दोनपर्यंत जागतो आणि पाचला उठतो, त्याचे कौतुक होते. जो थकल्याचे सांगतो, त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतली जाते. मजुरांसाठी आठ तासांच्या दिवसाची मागणी करणाऱ्या चळवळीला हे शोभत नाही. रोजंदारीवर आणलेल्या आचाऱ्याला ‘आपलाच माणूस’ म्हणून राबविणे, ही तर उघड पिळवणूक होय.

उपाय साधे आहेत. पाळ्यांचा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लागावा आणि सफाईच्या पाळीत शिबिरप्रमुखाचे नाव सर्वांत वर असावे. विश्रांतीची वेळ तक्त्यात लिहिलेली असावी. खर्चाचा हिशेब सर्वांना पाहता यावा. रोज संध्याकाळच्या बैठकीत सर्वांत लहान कार्यकर्त्याने प्रथम बोलावे आणि प्रमुखाने शेवटी. चूक दाखविणाऱ्यास दुसऱ्या दिवशी अवघड काम देण्याचा मोह ज्याला आवरतो, त्यालाच नेतृत्व कळले.

शिबिर म्हणजे येऊ घातलेल्या समाजाचा सात दिवसांचा नमुना. तो समाज कसा असेल असे कोणी विचारले, तर त्याला सभामंडपाऐवजी शिबिराच्या मोरीकडे न्यावे, आणि तसे नेताना संकोच वाटू नये, एवढी तयारी प्रत्येक संयोजकाने ठेवावी.