ध्यान, मेंदू आणि बुडालेली मजुरी
(वाशीम येथील भाषण)



हे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेतील हरिषेण राजाच्या वराहदेव नामक अमात्याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले. भिक्षू तेथे चित्ताचे निरीक्षण करीत. त्यांच्या अन्नवस्त्राचा भार समाज वाही. ध्यानालाही आर्थिक पाया लागतो, हे आजच्या चर्चेत सहसा निघत नाही.

ध्यान आणि विज्ञान यांची भेट आता नवी राहिलेली नाही. १९८७ साली धर्मशाळेत दलाई लामा व फ्रान्सिस्को वरेला प्रभृती शास्त्रज्ञ एकत्र बसले. मेंदूतील विद्युत्‌लहरी बाहेरून मोजता येतात, पण अनुभव ज्याचा त्यालाच कळतो. तेव्हा निरीक्षणात मुरलेल्या साधकाची साक्षही पुरावा म्हणून तपासावी, असा वरेलांचा आग्रह होता. तो रास्तच आहे. पुढे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगात ८ अनुभवी बौद्ध साधकांच्या मेंदूत ध्यानकाळी गॅमा लहरींचा असाधारण मेळ आढळला. या साधकांची साधना होती १० ते ५० हजार तासांची. रोज ८ तास धरले, तरी १० हजार तासांना जवळजवळ साडेतीन वर्षे लागतात! सोयाबीन सोंगणाऱ्या मजुराने ती आणायची कोठून? इगतपुरीच्या धम्मगिरीवरील विपश्यना शिबिराला शुल्क नाही, हे स्तुत्य आहे. पण दहा दिवसांची मजुरी बुडते, तिचा हिशेब कोणी मांडावा?

ध्यानमार्गाचा आधारग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’ संपादणारे धर्मानंद कोसंबी १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. भिक्षू केवळ स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजसेवेसाठी, हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रास्ताविकातच उभा केला.

चित्त कारणांवाचून उपजत नाही, हा तर प्रतीत्यसमुत्पादाचाच सिद्धान्त. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राला ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली, त्यांत वाशीम होते. येथील शेतकऱ्याच्या चिंतेची कारणे शोधताना कर्ज आणि शेतमालाचा भाव वगळणे बौद्धही नव्हे, वैज्ञानिकही नव्हे. म्हणून अमरावती विद्यापीठाने याच जिल्ह्यात प्रयोग करावा. सहभागी होणाऱ्यांची बुडालेली मजुरी भरून द्यावी. एका गटाला ध्यानशिक्षण, दुसऱ्याला कर्जफेडीस मुदतवाढ, तिसऱ्याला दोन्ही मिळावे. आणि चित्तात काय पालट होतो, ते यंत्रांच्या मोजमापासोबत त्या माणसांच्या स्वतःच्या साक्षीतूनही नोंदवावे.