माफीचा साक्षीदार आणि त्याचा नोकर
(अल खर्ज येथील कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



गेल्या हिवाळ्यात येथील एका तरुणाने आमच्यापुढे एक पेच ठेवला. तो ज्या ठिकाणी चालक म्हणून कामास होता, तेथील डिझेल रात्रीच्या वेळी परस्पर विकले जात होते. त्यात चौघे सामील होते आणि त्यांतला एक तो स्वतः होता. चौकशी सुरू झाली तेव्हा त्याला सांगण्यात आले की, इतरांची नावे दे, तुझे सौम्यपणे पाहू. उरलेल्या तिघांपैकी एक त्याच्याच गावचा, त्याच्याच वस्तीतला. व्हिसासाठी लागलेले पैसे त्यानेच उसने दिले होते. "दादा, नाव सांगितले तर गावी तोंड दाखवता येणार नाही, आणि लपवले तर खोटे बोलल्याचे पाप," असे म्हणून तो आमच्या खोलीत बराच वेळ बसून राहिला. त्या रात्री आम्ही त्याला चहा दिला. उत्तर देऊ शकलो नाही. पुढे या विषयावर जे वाचन घडले, ते आज आपणांसमोर ठेवीत आहोत.

आपल्या देशात अशा माणसाला 'माफीचा साक्षीदार' म्हणतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. साथीदाराविरुद्ध बोलायचे तर स्वतःचा सहभागही सांगावा लागतो. ही गाठ सोडविण्यासाठी कायद्याने माफीची तरतूद केली आहे. मात्र ती माफी न्यायदंडाधिकारी वा न्यायालय देते; पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनाला माफी म्हणत नाहीत. अटही एकच : ठाऊक असलेले सर्व सत्य सांगायचे, त्यात स्वतःची बाजूही आली. काही लपविले वा खोटे सांगितले तर त्याच्यावरच खटला चालू शकतो. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले, कलमांचे क्रमांक बदलले, पण हा गाभा कायम आहे.

या विषयातील सर्वांत गाजलेला मराठी माणूस म्हणजे पुण्यातील शस्त्रविक्रेते दिगंबर बडगे. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी बडगे यांना अटक झाली. बडगे यांचे दुकान 'शस्त्र भांडार' या नावाने ओळखले जाई, आणि कटासाठी स्फोटके पुरविणारांत ते होते. लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला चालला. जून १९४८ मध्ये बडगे यांना माफी मिळाली आणि ते सरकारपक्षाचे प्रमुख साक्षीदार झाले.

ही कथा येथवर बहुतेकांस ठाऊक असते. आम्हांस थांबावेसे वाटते ते शंकर किस्तय्यापाशी. शंकर हा बडगे यांचा नोकर. तेलुगू बोलणारा, मालक सांगेल ते काम करणारा. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात पहिला प्रयत्न झाला, त्या वेळी बडगे त्याला सोबत घेऊन गेले होते. पुढे मालक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि नोकर आरोपीच्या! १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना फाशी, शंकरसह पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. शंकरची शिक्षा सात वर्षांवर आणावी, अशी शिफारस न्यायाधीशांनीच केली होती. बडगे मात्र मोकळे झाले. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते त्याला माफीचा भाव मिळतो. ज्याला केवळ ओझे वाहायला नेले होते, त्याच्यापाशी विकायला काय असणार? आपल्या समाजातील किती माणसे अशी दुसऱ्याचे ओझे वाहताना गुन्ह्यात अडकली असतील, हा विचार मनातून जात नाही. सुदैवाने अपिलात, १९४९ च्या जून महिन्यात, पंजाब उच्च न्यायालयाने शंकरला निर्दोष सोडले.

आणखी एक गोष्ट. बडगे यांची साक्ष न्यायाधीशांनी एकंदरीत विश्वसनीय मानली. तरीही केवळ त्यांच्या एकट्याच्या शब्दावर सावरकरांना दोषी धरणे धोक्याचे ठरेल, असे म्हटले. साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार हवा, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या काळापासून आपल्या न्यायालयांत रुजले आहे. स्वतःची मान सोडवून घेणारा दुसऱ्याची अडकवू शकतो, एवढा मनुष्यस्वभाव कायद्यालाही कळतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. पुण्यात १९७६-७७ मध्ये जोशी-अभ्यंकर खून सत्र झाले. एकूण दहा माणसे मारली गेली. आरोपी अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यांचाच साथीदार सुहास चांडक माफीचा साक्षीदार झाला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. मित्रांचा विश्वासघात म्हणावा, तर त्या दहा जणांच्या नातलगांना आपण काय सांगणार? फाशीविषयी आमचे मत निराळे आहे, पण तो स्वतंत्र विषय.

तर त्या तरुणाला आम्ही दुसऱ्या भेटीत तीनच गोष्टी सांगितल्या. वाचता न येणाऱ्या अरबी कागदावर अंगठा वा सही करू नकोस, दुभाषा माग. या देशाच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातही आरोपीला चौकशीच्या वेळी वकील घेण्याचा हक्क आहे. शिवाय रियाधला आपला दूतावास आहे, त्यांना कळव. आणि बोलायचे ठरविलेस तर आधी स्वतःचा वाटा सांग, मग डोळ्यांनी पाहिले तेवढेच. नाव द्यावे की नाही, हे मात्र आम्ही सांगितले नाही. तेवढा अधिकार आमचा नव्हता. खरे तर धैर्यही नव्हते.

त्याने स्वतःचे सांगितले आणि दोघांची नावे दिली. तिसऱ्याविषयी केवळ ऐकीव माहिती होती, ती दिली नाही. नावे दिलेल्यांत गावचा तो माणूसही होता. दोघेही आता मायदेशी परतले आहेत. व्हिसाचे उसने पैसे हा दरमहा थोडे थोडे फेडतो. तो पैसे मोजून घेतो, बोलत नाही.

जयभीम.