काढा चालतो, पण नळी बंद असेल तर?

चीनमध्ये कावीळ झालेल्या तान्ह्या बाळांना ‘यिन झी हुआंग’ देतात. चार वनस्पतींचा काढा. खरंच काम करतो? २००४ मध्ये अमेरिकेतल्या बेलर मेडिकल कॉलेजच्या टीमने तो उंदरांवर तपासला. लिव्हरमधला ‘कार’ नावाचा रिसेप्टर चालू झाला आणि रक्तातलं बिलिरुबिन लवकर साफ झालं. भारी ना?

पण पित्तनळीच बंद असेल तर? आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर फास्ट केला, पण आउटपुटच ब्लॉक! तिथे ऑपरेशनच लागतं, शक्यतो पहिल्या ६० दिवसांत. म्हणून दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं दिसत असेल, शी पांढरट होत असेल, तर काढा देत बसू नका. डायरेक्ट बिलिरुबिन तपासून घ्या. लगेच.