मांडीला मांडी लावून
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मागच्या मेळाव्याला मी आले नव्हते. 'ऑफिसचं काम आहे' असं ग्रुपवर कळवलं होतं. ते खोटं होतं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर जायचं होतं आणि दुपारी पंगत होती. मला चढ चढवत नव्हता आणि खाली मांडी घालून बसता येत नव्हतं. ते सांगायची लाज वाटली. आज सांगते.

शाळेत मी जाड होते, हे तुम्हाला आठवत असेलच. टोपणनाव तुम्हीच ठेवलं होतं. पण शाळेत चालत येताना मांडीला मांडी घासून कातडी सोलवटायची, हे कोणाला माहीत नव्हतं. शिवणाच्या बाईंना मात्र माझ्या चालीवरून कळलं. त्यांनी तासानंतर मला थांबवून घेतलं आणि दोन दिवसांनी स्कर्टच्या आत घालायला सुती चड्डी शिवून आणली. वर्गात त्याबद्दल एक शब्द काढला नाही. बाई, तुम्ही समोर बसला आहात. तीस वर्षं राहून गेलेले आभार आज मानते.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, दिवसाचे दहा तास खुर्चीत जाऊ लागले. चाळिशीत वजन 112 किलो झालं, साखर वाढली. मग जठराची शस्त्रक्रिया करून घेतली, आहार बदलला आणि दोन वर्षांत 71 किलोवर आले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. पण चरबी गेली तरी इतकी ताणलेली कातडी पुन्हा आवळत नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूला ती लोंबत होती. चालताना घासायची, घामाने ओली राहायची. पुरळ, बुरशीचा संसर्ग, पावसाळ्यात जखमा. इतकं वजन उतरूनही चालणं वाढलं नव्हतं.

प्लास्टिक सर्जननी 'थाय लिफ्ट' सुचवली. ही वजन कमी करायची शस्त्रक्रिया नव्हे. सैल कातडी काढून उरलेली ओढून शिवतात. त्याआधी वजन सहा महिने स्थिर हवं, साखर आटोक्यात हवी, असं त्यांनी बजावलं. विमा कंपनीने 'सौंदर्यासाठी' असा शेरा मारून पैसे नाकारले. नात्यातल्या एकींनी विचारलं, "आता या वयात कोणाला दाखवायचंय?" मला कोणाला दाखवायचं नव्हतं. मला भाजी आणायला चालत जायचं होतं.

सोपं नव्हतं, हेही सांगते. जांघेपासून गुडघ्यापर्यंत दोन्ही पायांना टाके. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दुसऱ्याच दिवशी उठवून चालवलं. साचणारं पाणी काढायला नळ्या होत्या. सहा आठवडे घट्ट पट्ट्यांचे कपडे, उकिडवं बसायचं नाही, जड उचलायचं नाही. जांघेतली जखम थोडी उघडली आणि तीन आठवडे ड्रेसिंग चाललं. तिथे ओल आणि ताण दोन्ही असतात, म्हणून असं बऱ्याच जणींना होतं. सूज उतरायला महिने लागले. व्रण कायमचे आहेत आणि एका जागी अजून बधिरपणा आहे. प्रत्येकीने हे करावं असं मी मुळीच म्हणत नाही.

पण त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, एवढं नक्की म्हणते. आम्ही बायका गुडघेदुखी सांगतो, कंबरदुखी सांगतो. जांघेतली जखम सांगत नाही. मी सव्वीस वर्षं पावडर आणि खोबरेल तेलावर काढली. हा त्रास पुरुषांनाही होतो, तेही बोलत नाहीत. आपल्या लेकीसुना, विद्यार्थिनी चालताना अवघडलेल्या दिसल्या तर बाईंनी विचारलं तसं हळूच विचारा.

काल सकाळी मी तुमच्याबरोबर अजिंक्यताऱ्यावर आले. सगळ्यात शेवटी पोहोचले, पण ते दम लागल्यामुळे. आमच्या ऑफिसात तेवढं चालतं. आणि दुपारच्या पंगतीत सतरंजीवर मांडी घालून बसले, शेजारणीच्या मांडीला मांडी लावून. जिलबी दोनदा घेतली, ती मात्र माझ्या डॉक्टरांना सांगू नका.