अटक आणि अपराध



बार्देशातील एका गावच्या जत्रेत दुकानांच्या रांगेपाशी मारामारी झाली, असे समजा. पोलीस आले आणि हाती लागलेल्या पाच-सात जणांना घेऊन गेले. त्यांत भांडण सोडवावयास धावलेला एक विशीतला तरुणही होता. एक रात्र कोठडीत गेली, मग जामीन, मग अडीच वर्षे न्यायालयाच्या तारखा आणि अखेर निर्दोष सुटका. घरच्यांनी देवापुढे नारळ फोडला आणि प्रकरण मिटले असे मानले. पुढे सरकारी नोकरीचा योग आला. अर्जात एक रकाना होता : ‘आपणास कधी अटक झाली होती काय?’ वडील म्हणाले, “नाही म्हणून लिही. न्यायाधीशांनी सोडले ना तुला?” मुलाची लेखणी मात्र थबकली.

बापाचे म्हणणे चुकीचे आहे काय? एका अर्थी नाही. अटक ही तपासातील एक पायरी आहे. अपराध ठरविण्याचा अधिकार न्यायालयाचा. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे, असे राज्यघटनेचे २२ वे कलम बजावते. अटकेचा अधिकार असणे निराळे आणि ती अटक समर्थनीय असणे निराळे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात स्पष्ट केले. अटकेने माणसाच्या अब्रूची केवढी हानी होते, याचीही न्यायालयाने जाणीव दिली. तेव्हा ज्याला शिक्षा झाली नाही, त्याला कायदा गुन्हेगार म्हणत नाही.

परंतु गुन्हेगार नसणे आणि दप्तरी नोंद नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. फिर्याद, अटकेचा पंचनामा, आरोपपत्र, निकाल हे कागद सुटकेबरोबर आपोआप नाहीसे होत नाहीत. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तर अटक झालेल्यांची नावे व पत्ते पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी लावावे लागतात. यात हेतू चांगला आहे : कोणास गुपचूप डांबून ठेवता येऊ नये. तथापि त्याच फलकावर शेजाऱ्याचीही दृष्टी पडते.

बोटांचे ठसे आणि छायाचित्रे यांविषयी कायदा थोडा उदार आहे. १९२० च्या जुन्या कायद्याची जागा २०२२ च्या नव्या कायद्याने घेतली. त्यान्वये ही मापे ७५ वर्षे जतन करता येतात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य खटल्यावाचून सुटला, अथवा अपिलाचे सारे मार्ग संपून निर्दोष ठरला, तर ती नष्ट करावयाची असतात. न्यायालयाने कारणे लिहून वेगळा हुकूम केल्यास गोष्ट निराळी.

पारपत्राचेही तसेच. १९६७ चा कायदा प्रलंबित खटल्याला अडसर मानतो, आणि तेव्हाही न्यायालयाच्या परवानगीने वाट निघू शकते. निर्दोष सुटका झाली की हा अडसर उरत नाही. परदेशाचा नियम मात्र त्या त्या देशाचा : अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात शिक्षेबरोबर अटकेबद्दलही विचारतात.

आता त्या रकान्याकडे वळू. २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटक, शिक्षा, सुटका वा चालू खटला यांविषयी दिलेली माहिती खरी असावी. आणि जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन उमेदवारावर आहे. म्हणून प्रश्न नीट वाचावा. ‘शिक्षा झाली होती काय’ असे विचारले असेल, तर या तरुणाचे ‘नाही’ हे उत्तर संपूर्ण सत्य आहे. ‘अटक झाली होती काय’ असे विचारले असेल, तर तेच ‘नाही’ असत्य ठरते, आणि जो डाग न्यायालयाने पुसला त्याच्या जागी लपवाछपवीचा नवा डाग लागतो. खरे सांगितल्यावरही मालकाला पूर्ववृत्त तपासण्याचा हक्क राहतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याने ते विवेकाने तपासावे, ही अपेक्षाही त्याच निकालात आहे.

अटक म्हणजे कलंक, हे आपल्या समाजाने तरी सरसकट कधी मानले? १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांना पोर्तुगीज पोलिसांनी अटक केली. त्या दिवसाचे नाव आज पणजीतील एका रस्त्याला आहे. बेड्या कोणी घातल्या आणि कशासाठी, हे विचारण्याचा विवेक तेव्हा लोकांपाशी होता. तो शेजारच्या मुलाच्या बाबतीतही का नसावा?

अशा घरांनी निकालाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी आणि जन्मदाखल्यासारखी जपावी. मापे घेतली असतील तर ती नष्ट करण्याविषयी लेखी अर्ज द्यावा, आणि पोच घेतल्यावाचून परतू नये.

त्या तरुणाने ‘होय’ असे लिहावे. खाली खटल्याचा क्रमांक, निकालाची तारीख आणि ‘निर्दोष मुक्तता’ हे दोन शब्द लिहावेत, व सोबत प्रत जोडावी. नोकरी मिळेलच, असे वचन कायदा त्याला देत नाही. परंतु तो कागद कोणाच्याही हाती पडला, तरी त्याला मान खाली घालावी लागणार नाही.