घेऊन जा गे मारबत



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात महालातून इतवारीकडे जायला निघालात तर ऑटोवाला सरळ मान हलवतो. ‘काऊन भाऊ?’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘मारबत हाय ना आज!’ आणि मग गल्लीगल्लीतून ती आरोळी येते, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!’

‘इडा पिडा टळो’ हे अवघा महाराष्ट्र म्हणतो. पण टळली म्हणजे गेली कुठे? शेजारच्या घरात? नागपूरकराला असला मोघमपणा चालत नाही. त्याने पीडा न्यायला बाईच नेमून ठेवली आहे, तीच मारबत. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांची, दोन-तीन माणसांएवढी उंच.

अशा मुख्य दोघी आहेत. काळी मारबत १८८१ पासूनची. इंग्रजांना साथ देणाऱ्या भोसले घराण्यातल्या बांकाबाईवरचा राग तिच्यात आहे, असं सांगतात. पिवळी १८८५ ची, जागनाथ बुधवारीतल्या तेली समाजाची. मिरवणुकीत नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडते, तेव्हा उभं राहायला जागा मिळत नाही. सोबत बडगे असतात, पुरुषांचे पुतळे. त्यांच्या गळ्यातल्या पाट्या मात्र दरसाल नव्या. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी रस्त्यातले खड्डे. पाटीवरचा मजकूर वाचूनच त्या वर्षी शहराला काय सलत होतं ते कळावं.

मला गंमत वाटते ती ‘गे’ची. पुणेकर ‘गं’ म्हणतात. ‘गे’ हे जुन्या मराठीतलं, आमच्याकडे अजून नांदतं आहे. लेकीला, मैत्रिणीला, सुनेला मारायची ही हाक. मिरवणूक संपली की जिला जाळायचं, तिला इतक्या मायेने कशाला? पण पिवळीपुढे बघा. आया तान्ही लेकरं तिच्या पायाशी नेतात, नारळ फोडतात. आणि घरात कुणाचा अवतार विस्कटलेला दिसला की त्याच आया म्हणतात, ‘काय मारबत होऊन बसली!’

उमरेडकडच्या आमच्या गावात पुतळा नव्हता. पोळ्याला दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या आजोबा पहाटे उचलायचे आणि शिवेवर नेऊन टाकायचे. वाटेत यादी चालू, ‘ढेकूण, पिसवा, खरूज, खोकला घेऊन जा गे मारबत!’ मागे मी, डोळे चोळत. एकदा विचारलं, ‘आबाजी, तिले ढेकूण देता, मंग गे काऊन म्हणता?’

आजोबांनी धोतराला लागलेली कुसळं झटकली. म्हणाले, ‘मंग? आपलं वझं नेऊन राह्यली ना थे.’